आपला हात जगन्नाथ, पण पावती जपा!

नवी पिकअप दारात उभी राहिली, हार-नारळ झाला, पेढे वाटून झाले की महिन्याभरात घरात एक प्रश्न हमखास निघतो. ऑइल बदलायला दर वेळी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कशाला जायचे? वर्कशॉप असते जिल्ह्याच्या गावी. सकाळी गाडी नेली तर संध्याकाळी हातात मिळणार, म्हणजे त्या दिवसाची फेरी बुडाली. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात पोहोचवणारा असो की शहरात दुधाचे कॅन घालणारा असो, गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही. त्यात घरात ट्रॅक्टरचे ऑइल वर्षानुवर्षे स्वतः बदलणारे एखादे काका असतातच. ते म्हणतात, “एक पाना आणि एक घमेले! यात कंपनीचे काय काम?”

काकांचे म्हणणे खोटे नाही. काम खरोखरच सोपे आहे. पिकअप जमिनीपासून उंच असल्यामुळे मोटारीपेक्षाही सोपे. पण काकांच्या जुन्या ट्रॅक्टरला नसलेल्या दोन गोष्टी या नव्या गाडीला आहेत. एक वॉरंटी आणि दुसरी धूर गाळणारी जाळी. या दोन गोष्टी समजून न घेता पाना हातात घेतला, तर काही शे रुपये वाचवताना इंजिनचा खर्च अंगावर येऊ शकतो.

फुकट सर्व्हिसचा हिशेब

आधी पैशाचेच बोलू. नव्या गाडीबरोबर ज्या ‘फ्री सर्व्हिस’ मिळतात, त्यात फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, वायसर यांचे पैसे बहुतेक ठिकाणी आपल्यालाच भरावे लागतात. म्हणजे फ्री सर्व्हिस सोडून घरी ऑइल बदलले तर वाचते काय? मजुरी तर आधीच माफ होती! वाचलाच तर तो एक दिवस आणि जाण्या-येण्याचे डिझेल.

आणि गमावण्यासारखे बरेच आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात अटी असतात. ठरलेल्या किलोमीटरवर किंवा ठरलेल्या महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस करून घेतली पाहिजे, ही त्यातली नेहमीची अट. उद्या टर्बो गेला किंवा इंजिन जाम झाले, तर वर्कशॉपचा माणूस सर्वात आधी सर्व्हिसच्या नोंदी उघडतो. मध्ये एक नोंद नसली की वाद सुरू!

पिकअपचे माहेरघर म्हणजे अमेरिका. तिथे घरच्या अंगणात ऑइल बदलणे हा अनेकांचा रविवारचा उद्योग आहे, आणि त्यांच्या पाठीशी कायदा आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, कंपनी जे फुकट देत नाही ते आपल्याच नावाचे वापरा किंवा आपल्याच वर्कशॉपमध्ये करून घ्या, अशी अट तिला वॉरंटीसाठी सहसा घालता येत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण त्यामुळे पुस्तिकेतल्या अटी पुसल्या गेल्या, असे कोणी समजू नये.

एक गोष्ट मात्र पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवावी. ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही हे खरे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. एकच गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आयोगाचे दार ठोठावू शकतो. अर्थात तिथेही कागद लागतोच.

म्हणून आमचे मत सरळ आहे. वॉरंटी असेपर्यंत पुस्तिकेतल्या सगळ्या सर्व्हिस वर्कशॉपमध्येच कराव्यात. गाडी धुळीच्या रस्त्यावर, भरलेल्या मालासह, घाट चढत-उतरत चालत असेल तर पुस्तिकेतच अशा ‘कठीण वापरा’साठी लवकर ऑइल बदलायला सांगितलेले असते का, ते आधी बघा. सांगितले असेल तर तीही वर्कशॉपची सर्व्हिसच समजा. तेवढ्यावर समाधान नसेल, तर दोन सर्व्हिसच्या मध्ये एक जादा बदल खुशाल घरी करा. वॉरंटी संपली की मग सगळेच आपल्या हातात घ्या.

ऑइल कोणते?

खरी गफलत होते ती इथे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ गाड्या आल्या आणि बऱ्याच डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमध्ये जे धातूयुक्त मसाले मिसळलेले असतात, त्यांची राख जळत नाही. ती जाळीत साचतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले ऑइल दिसायला तसेच, बोटाला लागायलाही तसेच, पण ते या गाडीत ओतू नये. जाळी तुंबली की गाडीची ओढ कमी होते, आणि नव्या जाळीचा खर्च ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५ डब्ल्यू-४०’ हा आकडा दाटपणाचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. दुसरी असते दर्जाची खूण, म्हणजे सीके-४, सी ३ यासारखी अक्षरे. दोन्ही पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे तंतोतंत जुळली पाहिजेत. नुसता दाटपणा जुळून भागत नाही.

जाता जाता एक गंमत. कॅस्ट्रॉल हे नाव आले ते ‘कॅस्टर’वरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून. सुरुवातीच्या त्या ऑइलमध्ये एरंडेल मिसळलेले असे. आजीच्या कपाटातले औषध इंजिनालाही मानवले होते म्हणायचे!

रंगावरून मात्र काही ठरवू नका. डिझेल गाडीचे नवे ऑइल थोडे चालल्यावरच काळे होते, कारण काजळी पोटात घेऊन फिरणे हे त्याचे कामच आहे. पाहायची ती डीपस्टिकवरची पातळी. ती कमी झाली तर काळजी, हे सगळ्यांना माहीत असते. पण आपोआप वाढली तरीही काळजी! जाळीतली काजळी जाळण्यासाठी जास्तीचे डिझेल सोडले जाते. गाडी सतत जवळच्या फेऱ्या करत असेल तर हे जाळणे अर्धवट राहते आणि थोडे डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते. अशा वेळी किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता वर्कशॉप गाठावे.

गाडीखाली शिरताना

जागा सपाट हवी. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करा, मग बंद करा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, अगदी मिनिटभरही, शिरू नका. हातात रबरी मोजे घाला, कारण वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे धोक्याचे असते.

वर ऑइल भरायचे झाकण सैल करा, खाली घमेले ठेवा आणि चेंबरचा ड्रेन प्लग उघडा. ऑइल पूर्ण निथळू द्या, घाई नको. प्लगचा वायसर नवा घाला. प्लग आधी हातानेच फिरवून बसवा, शेवटी पाना लावा. जोर दाखवायची ही जागा नव्हे. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर आटे जायला एक झटका पुरतो.

फिल्टर डब्यासारखा असेल तर जुना काढल्यावर त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबर निघाले का, ते बघाच. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढला, तर गाडी सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत इंजिन कोरडे पडते. नव्या फिल्टरच्या कड्याला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर हाताने घट्ट करा. मग पुस्तिकेत दिले असेल तेवढे ऑइल मोजून भरा. गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला, तर खाली गळती बघा, इंजिन बंद करून थोडे थांबा आणि पातळी पुन्हा तपासा.

हे झाले की घरातल्या हिशेबाच्या वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलची खूण आणि किती लिटर भरले ते लिहा. ऑइल-फिल्टरची पावती त्याच पानाला टाचा. मीटरचा फोटो मोबाइलवर घेतला तर फारच उत्तम. ही वही ठेवायचे काम घरातली बाई करत असेल, तर ती सहसा चुकत नाही, हा आमचा अनुभव!

घमेल्यातल्या काळ्याचे काय?

राहिले ते जळके ऑइल. आपल्याकडे कोणी ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतो, कोणी सेंटरिंगच्या फळ्यांना लावतो, तर कोणी सरळ गटारात ओततो. एका ऑइल बदलातले वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्याही कायद्यात वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते जुन्या डब्यात भरून झाकण लावा आणि जे वर्कशॉप किंवा गॅरेज ते नोंदणी असलेल्या शुद्धीकरणवाल्यांना देते, तिथे नेऊन द्या. निथळलेला फिल्टरही त्याबरोबर द्या.

जास्तीचा रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. नामवंत कंपनीचे असे डबे पुन्हा भरून बनावट ऑइल विकले जाते. आधी त्याला खिळ्याने चार भोके पाडा आणि लेबल फाडून टाका.