डाकोटा आणि आडवा वारा

चाकं टेकली की प्रवाशांचा जीव भांड्यात पडतो. डाकोटाच्या वैमानिकाला मात्र तिथून पुढेच जास्त सावध राहावं लागतं, आणि वारा आडवा असेल तर फारच.

डग्लस कंपनीचं डीसी-3 पहिल्यांदा उडालं 17 डिसेंबर 1935 रोजी. त्याची लष्करी रूपं महायुद्धात हजारोंनी बनली आणि ब्रिटिशांनी दिलेलं डाकोटा हे नाव आपल्याकडे रुळलं. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला आपले जवान उतरले ते याच विमानांतून. 1949 पासून चार महानगरांची टपालविमानं रात्री नागपुरात जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत, त्या सेवेचा भारही डाकोटांनी वाहिला. इंग्लंडहून उडत आलेलं ‘परशुराम’ नावाचं डाकोटा 2018 साली वायुदलात दाखल झालं. जुनं विमान काचेआड न ठेवता उडतं ठेवायचं ठरलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कारण ते हाताळण्याचं कौशल्य पुस्तकात टिकत नाही.

आडव्या वाऱ्याची अडचण काही अंशी धावपट्टीनेच आणली. सुरुवातीचे कितीतरी विमानतळ म्हणजे गवताळ मैदानं. वारा येईल तिकडे तोंड करून उतरायचं. पक्की धावपट्टी आली आणि उतरण्याची दिशा ठरून गेली. 20 नॉटचा वारा तिच्याशी 30 अंशांचा कोन करत असेल तर आडवा जोर 10 नॉटचा. काटकोनात असेल तर पुरता 20 नॉटचा.

त्यात डाकोटाची घडण. दोन मोठी चाकं पुढे, छोटं चाक शेपटीखाली, आणि गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे. त्यामुळे जमिनीवर नाक जरासं वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतच नेतं. शेपटीचा उभा पंख वाऱ्याचा मारा झेलतो आणि वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे फिरवतो. वेळीच आवरलं नाही तर विमान गर्रकन फिरतं. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. त्यात पंखाचं टोक घासतं, चाकांचा सांगाडाही मोडू शकतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ते आपणहून सरळ होऊ पाहतं.

उतरण्याआधी शेपटीचं चाक लॉक केलेलं हवं. विमान नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकं येतं. जमिनीजवळ रडरने, म्हणजे शेपटीच्या सुकाणूने, ते धावपट्टीशी सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून बाजूला वाहत जाणं थोपवायचं. त्या बाजूचं मोठं चाक आधी टेकतं, मग दुसरं. जोराच्या वाऱ्यात तिन्ही चाकं एकदम टेकवण्यापेक्षा शेपूट वर ठेवून पुढच्या दोन चाकांवर उतरणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं, कारण वेग असेपर्यंत रडर ऐकतो. 1948 च्या मे महिन्यात वायुदलाचे मेहर सिंग यांनी साडेदहा हजार फुटांहून उंच लेहला डाकोटा उतरवलं. तिथल्या विरळ हवेत जमिनीवरचा खरा वेग आणखी जास्त असतो.

कसोटी लागते ती वेग ओसरताना. शेपूट खाली येते, रडरवरून जाणारा वारा मंदावतो आणि पेडल पार दाबलं तरी नाक ऐकेनासं होतं. तेव्हा वाऱ्याकडच्या इंजिनाला थोडी जादा शक्ती, उलट बाजूच्या ब्रेकला हलका दाब, आणि पंखांवरचे एलेरॉन पूर्ण वाऱ्याकडे. ब्रेक एकदम दाबला तर नाक जमिनीकडे झुकण्याचा धोका. पट्टी सोडून विमान जागेवर नेतानाही पाय पेडलवरून काढायचे नाहीत. इंजिनं बंद झाली, चाकांना अडसर लागले आणि रडर-एलेरॉन खिळवून ठेवणारे लॉक बसले, की मगच उठायचं.