पांढरा कुर्ता, काळा दगड

ईदच्या दुपारपर्यंत मोबाइलवर ईदगाहचे फोटो येऊन पडतात आणि सकाळी घातलेले नवेकोरे पांढरे कुर्ते त्यांत मळकट दिसतात. दोष धोब्याचा नाही. कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे धरून उजेड ठरवतो. नमाजींच्या पांढऱ्या रांगा त्याला फार उजळ वाटतात, म्हणून तो चित्र अंधारे करतो. औंढा नागनाथला उलटे घडते. मंदिराचा काळा दगड चौकटभर घेतला की तो राखेसारखा फिकट उतरतो. आजचे फोन पुष्कळ सावरून घेतात, तरी सगळे नाही. पडद्यावर बोट टेकवले की बहुतेक फोनांत शेजारी सूर्याचे चिन्ह येते. पांढऱ्यासाठी ते थोडे वर सरकवावे, काळ्यासाठी खाली.

चाँदरातीची तक्रार वेगळी. चंद्र आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा, आणि फोनची साधी लेन्स सुमारे सत्तर अंशांचे दृश्य टिपते. कोर ठिपक्याएवढी येणारच. चिमटीने ताणून चित्र फक्त फाटते. त्यापेक्षा आभाळात निळाई आहे तोवर मिनार, लिंबाची फांदी किंवा बोट दाखवणारी मुले चौकटीत घ्यावीत आणि कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवावे.

दस्तरख्वानाचा फोटो अजानच्या दहा मिनिटे आधी घ्यावा. उजेड असतो, भजी शाबूत असतात. बोटांचे तेल लेन्सवर गेले असेल तर आधी सुती कापडाने पुसावे. निम्मे धूसर फोटो एवढ्यानेच सुधारतात.

हिंगोली निजामाच्या राज्यात होती, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. त्यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब मिळाला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. ते काचेवर फोटो घेत. काच वाया घालवणे परवडत नसे, म्हणून आधी नीट पाहावे लागे.

पाहण्याची खरी परीक्षा शिधावाटपात होते. एका पिशवीला दहा हात लागलेले, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मधोमध मान खाली घातलेली एक म्हातारी. उजेड, चौकट सगळे जमलेले असले तरी हा फोटो घेऊ नये. रचलेल्या पिशव्यांचा घ्यावा, धान्य मोजणाऱ्या हातांचा घ्यावा. चेहरा हवाच असेल तर तिला विचारावे. तेही पिशवी देण्याआधी नव्हे, ती तिच्या हाती पडल्यावर, म्हणजे तिला नाही म्हणता येईल.