नवा टॅब: कुठे आणि कसा उघडतो?

होमपेज वेगळे, नवा टॅब वेगळा
घराचे चिन्ह दाबल्यावर येते ते होमपेज. ‘+’ दाबल्यावर येते ते नव्या टॅबचे पान. एकाची सेटिंग बदलली तरी दुसरे जसेच्या तसे राहते; बहुतेकांची गल्लत इथेच होते. ब्राउझर सुरू होताना काय दिसावे, ही आणखी तिसरी सेटिंग.

कोणत्या ब्राउझरमध्ये काय?
• फायरफॉक्स (पहिली आवृत्ती २००४): सेटिंग्जमधील ‘होम’ विभागात नव्या टॅबसाठी कोरे पान निवडता येते. लिंक नव्या टॅबमध्ये उघडताच त्या टॅबवर जायचे की आहे तिथेच थांबायचे, हे ‘जनरल’ विभागातल्या एका चौकोनावर ठरते. खूण केली की लगेच उडी. नसेल तर टॅब मागे उघडतो, वाचन चालू राहते.
• क्रोम (२००८): नव्या टॅबवर आपल्या पसंतीची साइट हवी असेल तर एक्स्टेन्शन लागते.
• मॅकवरील सफारी: स्टार्ट पेज, होमपेज, कोरे पान किंवा समोरचेच पान, यांपैकी एक.
• आयफोन: सफारीच्या सेटिंगमध्ये ‘ओपन लिंक्स’. नवा टॅब समोर किंवा मागे.

सेटिंग न बदलता (विंडोज)
• कंट्रोल दाबून लिंकवर क्लिक: टॅब मागे उघडतो. माउसचे चाक लिंकवर दाबले तरी तेच.
• कंट्रोल + शिफ्ट + क्लिक: टॅब थेट समोर.
• शिफ्ट + क्लिक: नवी विंडो.
• चुकून बंद झालेला टॅब: कंट्रोल + शिफ्ट + टी.

मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड दाबावे.