एकविसाव्या जोडीतले तिसरे गुणसूत्र

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे 1956 साली निश्चित झाले. तीनच वर्षांनी फ्रान्समधल्या संशोधकांना डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत सत्तेचाळिसावे गुणसूत्र आढळले. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना एकविसावी जोडी सुटी होत नाही आणि बाळाच्या वाट्याला तिच्या दोनऐवजी तीन प्रती येतात. साधारण 700 ते 1000 जन्मांमागे असे एक बाळ असते. अठराव्या किंवा तेराव्या जोडीत हीच चूक झाली, तर बहुतेक बाळे वर्षही काढत नाहीत. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला एकच एक्स गुणसूत्र मिळते. तिची उंची खुंटते, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षीही पाळी आली नाही की मग घरचे दवाखाना गाठतात.

आईचे वय वाढते तशी डाऊनची शक्यता वाढते: तिशीत हजारात एकाच्या आसपास, चाळिशीत शंभरात एक. तरीही अशी बरीचशी मुले तरुण आयांच्याच पोटी येतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात जास्त होतात. ग्रहणात विळी हाती धरली म्हणून असे झाले, हा ठपका खेड्यापाड्यांत आजही सुनेवर येतो. तो साफ खोटा आहे. पेशीविभाजनातली ही चूक कुणाच्या वागण्याने होत नाही.

गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातच करावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कितीतरी जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गरोदर बाई तेव्हा फडावर असली, की हे तीन आठवडे कोपीतच निघून जातात. पुढे गर्भजल तपासणीने निदान पक्के करता येते. गर्भात गंभीर व्यंग असल्यास 2021 च्या कायदादुरुस्तीनुसार 24 आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळ देते.

जन्मानंतरच्या निदानासाठी बाळाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस 37 अंशांवर वाढवतात, कोल्चिसिन घालून विभाजन मध्येच थांबवतात आणि रंग देऊन गुणसूत्रांच्या जोड्या लावतात. या अहवालाचा कागद पुढच्या बाळंतपणासाठीही जपून ठेवावा. शंभरातल्या सुमारे 95 मुलांत जादा गुणसूत्र सुटे असते आणि ते पुन्हा घडण्याचा धोका कमी असतो. तीन-चार जणांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. अशा वेळी आई-वडिलांचीही तपासणी हवी, कारण त्यांच्यापैकी एक जण स्वतः धडधाकट असूनही वाहक असू शकतो.

डाऊन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. छातीत आवाज ऐकू आला नाही तरी इको करावाच. मोठे छिद्र असेल तर शस्त्रक्रिया सहसा पहिल्या सहा महिन्यांत उरकावी लागते. नंतर फुप्फुसांतला दाब इतका वाढतो, की ती करता येत नाही. थायरॉईड आणि कानांची तपासणी पुढेही ठरावीक काळाने चालू ठेवावी लागते.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जातात आणि डाऊन त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पुढचे उपचार, व्यायाम आणि वाचोपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र हाती आले, की निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो.