प्रत्यारोपित फुफ्फुसाची श्वासपरीक्षा आणि प्राणायामाची मर्यादा

शनिशिंगणापूर, सोनई, घोडेगाव हा नेवासे तालुक्यातील टापू शनिदर्शनासाठी सर्वश्रुत असला, तरी तेथे दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास तो उसाचा टापू म्हणून अधिक परिचित असतो. मळणीचा भुसा, कडब्याची धूळ, साखर कारखान्यालगत साठविलेले उसाचे चिपाड आणि उन्हाळ्यात घरोघरी चालणारे कूलर, या साऱ्यांचा संबंध श्वासाच्या रुग्णाशी येतो. बुरशी आलेल्या चिपाडाची धूळ छातीत गेल्याने होणारा 'बगॅसोसिस' हा विकार ऊसपट्ट्यातील वैद्यांनी लक्षात ठेवावा असाच आहे. फुफ्फुसाच्या अंतरालीय ऊतीच्या विकारांची भारतातील २७ केंद्रांवरून केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांना अशा श्वासावाटे आलेल्या द्रव्यांच्या अतिसंवेदनेतून विकार जडला होता आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क आढळला होता. वेळीच कारण तुटले तर यांतील अनेक रुग्ण सावरतात. ज्यांची फुफ्फुसे वण पडून कठीण होतात, त्यांच्यापैकी काहींवर मात्र अखेर फुफ्फुस प्रत्यारोपणाची वेळ येते.

मानवी फुफ्फुसाचे पहिले प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेतील मिसिसिपी येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश १९८३ साली टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांना लाभले. भारतात या शस्त्रक्रियांचा मोठा भाग चेन्नई व हैदराबाद येथे होत आला असून आता मुंबई-पुण्यातही त्या होतात. शस्त्रक्रिया महानगरात झाली तरी पुढचे आयुष्य रुग्ण आपल्या गावीच काढतो. हातात मावेल एवढा स्पायरोमीटर त्याच्याजवळ दिलेला असतो. रोज सकाळी त्यात फुंकायचे, आकडा वहीत लिहायचा आणि तो उतरला की रुग्णालयास कळवायचे, असा नेम त्यास घालून दिलेला असतो. असा रुग्ण किंवा त्याचा मुलगा जवळच्या वैद्याकडे येऊन बहुधा एकच गोष्ट विचारतो : "वैद्यराज, कोणता प्राणायाम केला म्हणजे हा आकडा वाढेल?" या प्रश्नास आपल्या व्यवसायबंधूंनी काय उत्तर द्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम आकड्याविषयी. पूर्ण भरलेली छाती जोराने रिकामी करताना एकंदर किती हवा बाहेर पडली, यास एफव्हीसी म्हणतात. त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात किती पडली, ते एफईव्ही-वन. हवेचे माप घेणारे यंत्र जॉन हचिन्सन यांनी १८४६ सालीच मांडले होते. पहिल्या सेकंदाचे महत्त्व मात्र १९४७ साली फ्रान्समधील तिफनो यांच्या कामामुळे ध्यानात आले. प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत हा दुसरा आकडा सर्वांत मोलाचा. शरीर नव्या फुफ्फुसास परके मानू लागले की बारीक श्वासनलिका हळूहळू बुजू लागतात. हा जीर्ण प्रकार पाच वर्षांच्या आत सुमारे निम्म्या रुग्णांत दिसून येतो आणि बऱ्याचदा धाप लागण्यापूर्वीच एफईव्ही-वन उतरू लागतो. शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या, किमान तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या, दोन सर्वोत्तम आकड्यांची सरासरी ही रुग्णाची मूळ रेषा धरतात. समजा ती २.४० लिटर आहे. आकडा २.१६ वर आला म्हणजे दहा टक्के उतार झाला, हा सावधानतेचा इशारा. १.९२ वर येऊन तेथेच राहिला म्हणजे वीस टक्के उतार. दुसरे कारण न सापडल्यास जीर्ण अस्वीकृतीचा संशय घेतला जातो.

या परीक्षेचे वैशिष्ट्य असे की ती रुग्णाच्या प्रयत्नावर अवलंबून आहे. रक्तातील साखर रुग्णाच्या इच्छेने बदलत नाही, फुंकर बदलते. रोजची फुंकर एकाच रीतीने झाली तरच आजचा व कालचा आकडा ताडून पाहता येतो. म्हणून रीत सविस्तर सांगतो. रुग्णाने ताठ बसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, कमरेचा पट्टा वा धोतराची गाठ सैल असावी. जड जेवण झाल्यावर दोन तास आणि श्रमाचे काम केल्यावर एक तास परीक्षा करू नये. नाकास चिमटा लावावा. नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. कवळी नीट बसत असेल तर ती काढू नये, कारण तिच्या आधाराने ओठ मिटतात. मग छाती काठोकाठ भरावी आणि भरताच, दोन सेकंदांहून अधिक न थांबता, एका दणक्यात हवा सोडावी. ती आतून संपेपर्यंत सोडत राहावे, पंधरा सेकंद लागले तरी चालतील. खोकला आला, ओठांतून हवा निसटली किंवा मध्येच थांबले, तर ती फुंकर बाद. तीन चांगल्या फुंकरी मिळाव्यात आणि त्यांतील उत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक फरक नसावा. आठ प्रयत्नांत जमले नाही तर त्या दिवशी सोडून द्यावे. घरातल्या माणसाने जवळ उभे राहून मोठ्याने म्हणावे, "भरा, भरा, अजून भरा... आता फुंका! फुंका, फुंका, सोडत राहा, संपू द्या." उत्तेजनाने आकड्यात फरक पडतो, हे परीक्षा घेणारा कोणताही तंत्रज्ञ सांगेल.

आता प्राणायामाकडे वळू. महाराष्ट्रास या विषयात अभिमान वाटावा असा वारसा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि योगक्रियांचे मोजमाप प्रयोगशाळेत आणले. प्राणायामाचे श्रेष्ठत्व अधिक प्राणवायू शोषला जाण्यात आहे, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मान्य केली नाही. आज गल्लोगल्ली प्राणायामाचे वर्ग चालतात, पण मोजून बोलण्याची ती शिस्त त्यांत अभावानेच आढळते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या परीक्षेच्या दृष्टीने पाहिल्यास पूरकाचा अभ्यास उपकारक ठरतो. पोट व खालच्या बरगड्या फुगवीत घेतलेला दीर्घ, सावकाश श्वास छाती काठोकाठ भरावयास शिकवितो, आणि छाती अर्धीच भरली तर पुढची फुंकर कितीही जोराची असो, आकडा खाली येतो. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे जखमेच्या वेदनेने रुग्ण श्वास आखूड घेतो. तेव्हा उशी छातीशी धरून हा अभ्यास करणे सोयीचे पडते. कुंभकाची गोष्ट निराळी. भरलेल्या छातीवर चार-सहा सेकंद श्वास धरून मग फुंकले तर पहिल्या सेकंदाचा आकडा घटतो, हे सिद्ध झालेले आहे. वर्षानुवर्षे कुंभक करणारा साधक नकळत येथेही थांबतो आणि निरोगी फुफ्फुसाचा आकडाही खाली लागतो. ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास जिना चढताना उपयोगी आहे, परीक्षेत तो घातक. ओंकाराच्या दीर्घ रेचकाचेही तेच. कपालभाती ही तर षट्कर्मांपैकी एक शुद्धिक्रिया. तिच्यातील आखूड झटके आणि काठोकाठ भरून तळापर्यंत रिकामे करणारी एकच फुंकर यांत साम्य केवळ आवाजापुरते. कपालभाती व भस्त्रिका या दोन्ही जोरकस क्रिया शस्त्रक्रियेच्या पथकाने अनुमती दिल्याखेरीज सांगू नयेत. जोराची फुंकरदेखील छातीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले चार आठवडे जपूनच घेतली जाते.

तीन गोळ्यांच्या यंत्राविषयीही सांगावयास हवे. त्यात फुंकावयाचे नसते, ओढावयाचे असते. गोळ्या वर उडविण्यासाठी रुग्ण त्यात फुंकर मारताना पुष्कळदा दिसतात. ते यंत्र पूरकाच्या अभ्यासासाठी आहे, त्याच्या गोळ्यांवरून परीक्षेचा आकडा ठरत नाही.

आपल्या शास्त्राशी जोडलेला एक मुद्दा आम्हांस विशेष वाटतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले, त्यांत श्रमजन्य श्वासाचा समावेश आहे. वाग्भटांनी कासही घेतला. वेग अडवू नये, तसा नसलेला वेग बळाने आणू नये, ही आपली शिकवण. प्रत्यारोपणात मात्र श्वासनलिका जेथे शिवलेली असते तिच्याखालील नाड्या तुटलेल्या असतात. तेथे कफ साचला तरी खोकल्याचा वेग पूर्वीसारखा उठत नाही. वेगच उत्पन्न होत नाही, तेथे धारण-उदीरणाचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. अशा रुग्णास दिवसातून ठरलेल्या वेळी मुद्दाम खोकून कफ काढावा लागतो, आणि ते परीक्षेपूर्वी केले तर फुंकरही स्वच्छ येते. "खोकला नाही म्हणजे बरे आहे" हे वाक्य येथे वैद्याने उच्चारू नये.

शिंगणापूरच्या घरांना कवाडे न लावण्याची परंपरा जगजाहीर आहे. प्रत्यारोपित अवयवांमध्ये फुफ्फुस असेच उघडे असते. प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरचे जग आत जाते आणि प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दडपलेली असते. शनी अमावास्येची गर्दी, धूप, मळणी, बुरशीचा कडबा यांपासून रुग्णाने दूर राहावे. दर्शनास जाणेच झाले तर गर्दी नसलेल्या दिवशी, मुखपट्टी लावून जावे. धूमपान हा आपला उपक्रम या रुग्णास पूर्णतः वर्ज्य होय.

औषधालयांच्या मालकांनी पुढील भाग जरूर वाचावा. आकडा उतरला, थोडी धाप लागली, की रुग्ण सितोपलादी किंवा तालीसादी चूर्ण मागतो, आणि ते कोणासही निरुपद्रवी वाटते. परंतु दोहोंत पिंपळी आहे, तालीसादीत मिरीही आहे. त्यांतील पायपरीन हे द्रव्य अनेक औषधांचे शोषण वाढविते, कारण आतडे व यकृत यांतील ज्या व्यवस्थेने ती औषधे निकामी होतात तीच ते मंद करते. टॅक्रोलिमस हे या रुग्णांचे मुख्य औषध त्याच व्यवस्थेने पचते. त्याची रक्तातील मात्रा वाढली तर वृक्कांस इजा, घटली तर फुफ्फुस नाकारले जाण्याची भीती. पपनसाने आणि मोठ्या प्रमाणात घेतलेल्या हळदीने ही मात्रा वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. गुळवेल, अश्वगंधा ही आपण बल वाढविण्यासाठी देतो. ज्याचे बल विचारपूर्वक दडपले आहे, त्यास ती देणे उलट जाऊ शकते. दुकानात चूर्ण मागणाऱ्यास "प्रत्यारोपण झाले आहे काय?" एवढे विचारणे काउंटरवरच्या मुलासही शिकविता येईल. उत्तर होकारार्थी आल्यास प्रत्यारोपण केंद्राची अनुमती येईपर्यंत डबी शेल्फवरच राहू द्यावी.

आकडा उतरलेला घेऊन रुग्ण आपल्याकडे आला, तर आपण काय करावे? त्यास ताठ बसवून, चिमटा लावून, वरील रीतीने पुन्हा तीन फुंकरी घ्याव्यात. थांबणे, चंबू, अर्धी छाती यांपैकी काही आढळल्यास सुधारावे. रीत शुद्ध असूनही आकडा मूळ रेषेच्या दहा टक्के वा अधिक खाली असेल, किंवा सोबत ताप, कफाचा बदललेला रंग, नवी धाप असेल, तर त्याच दिवशी केंद्रास फोन करावयास लावावे. ताप वा धाप असेल तर आकडा चांगला आला म्हणून थांबू नये. वहीत तारीख, वेळ, तिन्ही आकडे आणि फुंकर कशी झाली याचा एक शब्द लिहून ठेवावा. मुंबई-पुण्याचा डॉक्टर दूरध्वनीवर प्रथम तेच विचारील.