गरब्याचा क्लास निवडताना

नवरात्र जवळ आले की गुजरातला लागून असलेल्या आपल्या नंदुरबारात गरब्याचे क्लास सुरू होतात. फी विचारण्याआधी जमीन पाहा. सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी उड्या मारल्या की टाचा, गुडघे दुखू लागतात. मातीचे सपाट अंगण बरे. पहिली १० मिनिटे संथ पावले, मग वेग, असे शिकवणारा निवडा.

२०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे. छातीत दडपण आले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तिथेच थांबून बसावे व १०८ ला फोन लावावा. 'गॅस असेल' म्हणत सोडा पिऊन पुन्हा रिंगणात शिरू नये. माझ्याकडे असे रुग्ण बहुधा सोडा पिऊनच येतात!