द्राक्षाची कॅप्सूल आणि धुऱ्यावरचं जांभूळ

कापसाचे चुकारे हाती आले की ‘लाल द्राक्षांच्या अर्काची’ महागडी कॅप्सूल घ्या म्हणून कुणी गळ घातली, तर आधी एवढे समजून घ्या.

काळ्या-लाल द्राक्षांच्या सालीत व बियांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. त्यातले रेझव्हेराट्रॉल १९९२ साली वाईनमध्ये आढळले आणि त्याचा बोलबाला झाला. पण लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम! इटलीत ७८३ वृद्धांची लघवी तपासून त्यांच्यावर नऊ वर्षे लक्ष ठेवले. २०१४ चा निष्कर्ष असा, की आहारातून ते जास्त मिळालेली माणसे ना जास्त जगली, ना त्यांचा हृदयविकार टळला.

कॅप्सूल हा पूरक आहार आहे, औषध नव्हे. तिच्या भरवशावर बीपी-शुगरची गोळी बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही ग्रामसभेत हे सांगावे.

द्राक्षाला रंग देणारे अँथोसायनिन आपल्या जांभळातही आहे. कोरपना तालुक्यात पाऊस लागला की धुऱ्यावर एक रोप लावा. जांभूळही औषध नव्हे. पण पोरंबाळं फुकटात खातील, हे काय कमी?